सहा हिरवे ठिपके

४ मार्च, सोमवार

चामड्याच्या व्यापाऱ्याने दिलेली ही डायरी दोन महिने कोरीच पडली होती. आजपासून लिहिणार. हौस म्हणून नाही, पुरावा म्हणून. उद्या प्रकरण वाढलं तर कोण कधी काय बोललं ते माझ्याकडे तारखेनिशी असावं.

सकाळी दुकानासमोर एक बाई आली. हातात दांडा, दांड्याला खाली चाक. ते चाक फुटपाथवरून ढकलत ती माझ्या तीन पायऱ्यांपाशी थांबली, वहीत काही लिहिलं, फोटो काढला. मी वरून विचारलं, काय पाहिजे. म्हणाली, पालिकेकडून आलेय. कालव्याकाठच्या वाटेपासून बाजारापर्यंत सलग फुटपाथ आणि शेजारून सायकलची वाट करायची आहे, नेमका हा मधला तुकडा तुटलेला आहे. फार गोड बोलत होती. गोड बोलणाऱ्याचे मी आधी बूट बघतो. हिच्या बुटांची बाहेरची कड झिजलेली, दोन्ही पायांची सारखी. म्हणजे भरपूर चालणारी आणि हट्टी.

वडील म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, पायताण बोलणार नाही. चपला-बूट दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. तळ उलटा करून बघितला की मला माणूस कळतो. या चाकवालीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

५ मार्च, मंगळवार

नोटीस आली. माझ्या पायऱ्या फुटपाथवर आल्या आहेत, काढाव्या लागतील, हरकत असल्यास सतरा एप्रिलच्या सुनावणीत सांगावी. 'नागरिकांकडून आलेल्या नोंदींनुसार' असंही लिहिलंय. म्हणजे कोणीतरी चुगली केली आहे.

या पायऱ्या वडिलांनी बांधल्या. गटार तुंबलं की पाणी आत यायचं, चामडं कुजायचं, म्हणून त्यांनी जमीन उचलली आणि पुढे पायऱ्या काढल्या. त्या काढायच्या तर जमीन खाली घ्या, मशीन मागे न्या, निम्मं दुकान उतारात घालवा. मग मी काम काय डोक्यावर बसून करू?

चुगली कोणाची हे ओळखायला ज्योतिषी नको. शेजारचा चष्मेवाला. गेल्या वर्षी याने स्वतःची धडधाकट पायरी फोडून उतार करून घेतला. तेव्हा मला वाटलं होतं, काचा घासून घासून डोकं फिरलं असेल. आता कळतंय, आधीपासून आतून लागेबांधे होते.

त्यात आणखी एक. ही, म्हणजे माझी बायको, पूर्वी रोज डबा घेऊन वर यायची. स्टुलावर बसायची, मी जेवेपर्यंत गिऱ्हाइकांच्या चपलांना चिठ्ठ्या बांधायची. दोन वर्षं होत आली, आता डबा चष्मेवाल्याकडे ठेवते आणि परस्पर घरी जाते. विचारलं की म्हणते, घरी कामं असतात. तो डबा आणून देतो आणि वर म्हणतो, वहिनींच्या हाताला चव आहे. याला कशी कळली चव?

८ मार्च, शुक्रवार

रस्त्यावर हिरवे ठिपके पडले आहेत. ताटलीएवढे, खडूचे. सकाळी येताना मोजले. पहिला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, उंच दगडी कडेपाशी. दुसरा फुटपाथच्या मधोमध रोवलेल्या विजेच्या खांबाला लागून. तिसरा गटाराच्या फुटक्या झाकणापाशी. चौथा चौकात, जिथे रस्ता ओलांडायचा. पाचवा झाडाच्या मुळांनी उचकटलेल्या फरशांवर. सहावा माझ्या पहिल्या पायरीखाली.

इतर रस्त्यांवरही ठिपके आहेत, पण लाल, पिवळे. हिरवे तेवढे माझ्या घरापासून माझ्या दुकानापर्यंतच. म्हणजे कोणीतरी माझ्या मागावर आहे. सहावा ठिपका मी ओल्या फडक्याने पुसून टाकला.

दुपारी फरफट्या आला. हे नाव मीच ठेवलेलं. आजारपणानंतर त्याचा उजवा पाय ओढला जातो, बुटाचा चवडा महिन्याभरात घासून भोक पडतं. तो पायऱ्या चढत नाही, खालूनच पिशवी वर फेकतो. आज नेम चुकला आणि पिशवी पॉलिशच्या डब्यांत पडली. घरी जाऊन हिला नक्कल करून दाखवली. पूर्वी ही अशा गोष्टींना हसायची. आज उठून आत गेली.

१२ मार्च, मंगळवार

कुठेतरी पाणी मुरतंय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ही बहिणीकडे जाते, निदान मला तसं सांगते. आज तीन वाजता मेहुणीचाच फोन दुकानात आला, "ताई आहे का हो? बऱ्याच दिवसांत आली नाही."

संध्याकाळी मी सहज विचारलं, बहीण कशी आहे. म्हणाली, बरी आहे. मीही म्हटलं, बरं.

घरातलं सामानही हलवलंय. पलंगाशेजारी खुर्ची, खुर्चीशेजारी कपाट, कपाटापासून हात लांबवला की टेबल, टेबलापासून मोरीचं दार. सगळं एका रांगेत, आगगाडीच्या डब्यांसारखं. विचारलं, हे काय. तर म्हणे, झाडायला बरं पडतं. मला तर घर सोडून जाणारं माणूस आपलं-परकं सामान वेगळं लावतं तसं वाटलं.

१४ मार्च, गुरुवार

जे दुसऱ्यांच्या चपलांचं करतो ते आज घरच्या चपलांचं केलं. ही अंघोळीला गेली असताना हिच्या चपला उलट्या केल्या.

डावी ठीक. टाच जरा जास्त दबलेली, बाकी काही नाही. उजवीचा चवडा मात्र पुढून पार घासलेला, खालचा थर दिसायला लागलाय. फरफट्याच्या बुटासारखाच. पण त्याचा पाय अधू आहे, हिला काय झालंय? मागे एकदा म्हणाली होती पाय जड वाटतो म्हणून, तेव्हा मी मऊ तळाच्या चपला करून दिल्या. त्यानंतर एका शब्दाने तक्रार नाही. मग चवडा का घासतो? बराच वेळ विचार केल्यावर उलगडलं. माणूस कोणाची वाट बघत भिंतीला टेकून उभं राहिलं की अस्वस्थपणे पायाचं पुढचं टोक जमिनीवर घासत राहतं. आणि तळाच्या फटीत हिरवी खडूची भुकटी होती.

 चपला दुकानात नेल्या, उजवीच्या चवड्याला चांगलं जाड, खरखरीत रबर सोल्युशन लावून चिकटवलं आणि कडेला चामडं कापायच्या रापीने बारीक खूण केली. आठवड्यात किती झिजतं ते बघतो. म्हणजे किती उभी राहते ते कळेल. चपला परत दिल्या तेव्हा हिने रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आठवणीने केलंत." मला क्षणभर कसंतरी झालं. पण पुरावा तो पुरावा.

१९ मार्च, मंगळवार

दुपारी मशीनच्या आवाजातही बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मशीन थांबवून, चष्मा शोधून दाराशी येईपर्यंत खाली कोणी नव्हतं. चष्मेवाला तेवढा आपल्या दारात उभा राहून माझ्याकडे रोखून बघत होता. मी विचारलं, काय पडलं. म्हणाला, "तुम्हीच बघा काय पडलं ते." असली कोड्यातली भाषा मला आवडत नाही. पुसलेला सहावा ठिपका पुन्हा जागेवर आलाय.

घरी आलो तर हिचे दोन्ही तळहात सोललेले. म्हणे मोरीत घसरले. मोरी मी बघितली, कोरडी ठणठणीत होती.

२२ मार्च, शुक्रवार

पालिकेत गेलो. चाकवालीच्या टेबलावर शहराचा एवढा मोठा नकाशा, त्यावर रंगीत ठिपके. मी माझं म्हणणं मांडलं. माझा धंदा चालणाऱ्यांवर आहे. सायकलवाल्यांचे तळ झिजत नाहीत. तुम्ही सगळ्या गावाला सायकलवर बसवलंत तर मी काय खाऊ?

ती हसली. म्हणाली, ज्यांना आज घराबाहेर पडता येत नाही तेही उद्या चालायला लागतील, तुमची गिऱ्हाइकं वाढतील. मी विचारलं, हिरवे ठिपके कोणाचे. म्हणाली, ज्यांना चालताना त्रास होतो असे लोक आमच्याबरोबर चालतात आणि जिथे थांबावं लागतं तिथे खूण करतात, प्रत्येकाचा रंग वेगळा. नावं सांगायची नाहीत असं त्यांना वचन दिलंय. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत म्हणाली, "हिरव्या ठिपक्यांवरून तुम्ही रोज चालता ना? मग तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?"

उलट मलाच प्रश्न. ही बाई साधी नाही. त्या रस्त्याने त्रास होणारं कोणी जात असतं तर तीस वर्षांत मला दिसलं नसतं का?

२६ मार्च, मंगळवार

दुकानाला कुलूप लावून हिच्या मागे गेलो. लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

बहिणीकडे नाहीच गेली. कालव्याच्या वाटेवर सातआठ जण जमले होते. चाकवाली होती, फरफट्या होता, एक आंधळे गृहस्थ, एक बाळाच्या गाडीसकट बाई. आणि चष्मेवाला, दुकान सोडून. मी पुलाच्या कठड्याआडून बघत होतो. रस्त्यावरून वाट खाली उतरते तिथे ही थांबली, आणि चष्मेवाल्याने हात पुढे केला. हिने तो धरला. धरून खालपर्यंत गेली. खाली गेल्यावरही लगेच सोडला नाही.

 परत येऊन दुकान उघडलं, पण एक टाका सरळ पडला नाही.

२७ मार्च, बुधवार

सकाळी विचारलंच. चष्मेवाल्याचा हात धरून काल कुठे चालली होतीस?

ही खुर्चीची पाठ धरून उभी होती.  म्हणाली, "उतार होता. तुम्ही नव्हता."

मी म्हटलं, म्हणजे मी नसलो की दुसरा कोणीही चालतो? आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. चवड्याच्या रबराचंही सांगितलं, की खूण करून ठेवलीय, मला सगळं कळतं. तेव्हा हिने खाली स्वतःच्या चपलांकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. रडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी बहिणीला बोलावून घेतलं आणि रिक्षात बसून गेली. पिशवी एकच नेली. चपला मात्र दाराशी सोडून बहिणीच्या घालून गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

५ एप्रिल, शुक्रवार

नऊ दिवस झाले. डबा येत नाही. चष्मेवाला बोलत नाही. मी दुपारी पाव खातो आणि समोरच्या रिकाम्या स्टुलावर चपला ठेवतो, म्हणजे ते रिकामं दिसत नाही.

हिच्या चपला इथेच आणल्यात. रबर जवळपास खुणेइतकंच आहे, झिजलेलं नाही. फक्त पुढच्या कडेला एक खोल खाच पडलीय, दगडावर आपटल्यासारखी. माझ्या हिशेबात हे बसत नाही. उभं राहून घासणाऱ्याच्या चपलेला अशी खाच पडत नाही.

मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, "भावजी, जगाचे पाय बघता. काखेत कळसा आणि गावाला वळसा." आणि फोन ठेवला. हरकतीचा कागद लिहून तयार आहे, चार पानी.

१७ एप्रिल, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

सुनावणी तळमजल्यावरच्या सभागृहात होती. पहिल्या रांगेत ही बसलेली, शेजारी मेहुणी. मी मागे बसलो. चाकवाली म्हणाली, हरकती ऐकण्याआधी चालणाऱ्यांच्या वह्यांतल्या नोंदी वाचते, नावं घेणार नाही. दोन-तीन वाचल्या. मग म्हणाली, क्रमांक सात, हिरवा रंग.

मी कान टवकारले. कागद सरळ केला. आता शत्रू सापडणार.

"घर ते दुकान, चारशे बारा पावलं. सहा वेळा थांबते. पहिला थांबा गल्लीची उंच कड, उजवा पाय उचलला जात नाही, आधी हाताने गुडघा वर घ्यावा लागतो."

खांब, झाकण, चौक, फरशा, सगळं येत गेलं. चौकात दिवा बदलायच्या आत ती मध्यापर्यंतच पोचते. तिथवर मी अजून विचार करत होतो की आमच्या गल्लीत असं कोण आहे. खरंच करत होतो.

"सहावा थांबा, तीन पायऱ्या. धरायला काही नाही. वर मशीन चालू असतं, खालची हाक ऐकू जात नाही. पूर्वी मी वर जाऊन स्टुलावर बसत असे. आता डबा शेजारी ठेवते. एकोणीस तारखेला ठरवलं, काही झालं तरी वर जायचं आणि पायाचं सांगून टाकायचं. दुसऱ्या पायरीवर चवडा अडकून पडले. चपलेला पुढे नवीन जाड रबर लावलंय, ते अडकतं. लावणाऱ्याने मायेने लावलंय, म्हणून काढवत नाही."

 शेजारच्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का. मला ओरडून सांगावंसं वाटलं की ते रबर मी मायेने लावलं नव्हतं. पुलाआडून बघितलं तेव्हा नव्हे, एकोणीसच्या आधीच माझं मन कुजलं होतं. पाळत ठेवायला लावलेल्या रबराने मी माझ्याच बायकोला माझ्याच दारात पाडलं, आणि आवाज ऐकूनही चष्मा शोधत बसलो.

मग माझं नाव पुकारलं. उठलो. चार पानं होती, एकही ओळ वाचता येईना. हिने मागे वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "पायऱ्या मी स्वतः काढतो." आणि खाली बसता बसता पुन्हा उभा राहिलो. "पण बाकीचे पाच ठिपके कधी काढणार ते आज लिहून द्या."

चाकवालीने लिहून घेतलं.

१८ एप्रिल, गुरुवार

मेहुणीकडे गेलो. हिला म्हटलं, पाय दाखव. तीस वर्षं चपला दाखव म्हणत आलो, पाय दाखव असं कधी म्हटलं नव्हतं. घोट्यापासून पुढे पाऊल लोंबतं. डॉक्टरांनी नस कमजोर झाल्याचं सांगितलंय, दोन वर्षांपूर्वीच. ही एकटी जाऊन आली होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही रोज घरी येऊन फरफट्याची नक्कल करायचात," ही म्हणाली. "मला माझं नाव पुरे होतं."

 मग रबराचं खरं काय ते सांगितलं. म्हणाली, सत्तावीस तारखेलाच कळलं, वहीत त्याआधी लिहिलं होतं. वाचू नका म्हणून चाकवालीला सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. तुम्ही ऐकावं असं वाटलं.

माझ्याबरोबर आली नाही. येईन म्हणाली, कधी ते नाही सांगितलं.

२ मे, गुरुवार

पायऱ्या फोडल्या. चष्मेवाला न बोलावता घण घेऊन आला. दिवसभर दोघे घाम गाळत होतो. संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. म्हणाला, "त्या दिवशी त्यांना उचलून आत नेलं, पाणी दिलं. तुम्हाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती. नाहीतर तुमचं मशीन रस्त्यावर फेकलं असतं मी." त्याचे बूट मी पहिल्यांदा नीट बघितले. टाचा गेल्या आहेत. उद्या घालून देतो.

आज आणखी एक काम केलं. फरफट्याचं नाव विचारून घेतलं.

२८ मे, मंगळवार

जमीन उतरवून आतून उतार केला, बाजूने कठडा लावला. मशीन मागच्या भिंतीला गेलं आणि तिथे अंधार आहे. माझी चिडचिड होते, ती मी लपवत नाही.

उजवी चप्पल नवी केली. रबर काढलं, पुढचं टोक वर वळवलं, खाली गुळगुळीत चामडं लावलं, म्हणजे घासली तर सरकेल, अडकणार नाही. तीन वेळा उसवून पुन्हा केली. ही आठ दिवसांपूर्वी घरी आलीय. खुर्ची, कपाट, टेबल जागच्या जागी रांगेत आहेत आणि ते तसेच राहतील.

आज ही डबा घेऊन निघाली. मी आणायला गेलो होतो. पुढे चालू की मागे ते कळेना, शेवटी शेजारून चाललो. चारशे बारा पावलांना एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. गल्लीच्या कडेपाशी थांबलो. खांबापाशी थांबलो. झाकण, चौक, फरशा. चौकात एक गाडीवाला भोंगा वाजवत राहिला, त्याला मी जे बोललो ते डायरीत लिहिण्यासारखं नाही. हिने माझा हात धरला होता, चौक संपल्यावरही सोडला नाही.

दुकानापाशी ही सवयीने थबकायला गेली, पण पाय आधीच उतारावर पडला होता. तशीच आत आली. स्टुलावरच्या चपला मी सकाळीच उचलून ठेवल्या होत्या. ही बसली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा कुठे ठेवलाय ते विचारलं.

चष्मेवाल्याने त्याच्या दारातूनच विचारलं, किती थांबे झाले?

मी म्हटलं, पाच.